माऊस, हेडफोन, कीबोर्ड: टाकण्याआधी उघडून बघा

एका क्लिकला दोन क्लिक देणारा माऊस, एकाच कानात वाजणारा हेडफोन, हाताला चिकटणारा कीबोर्ड. मुंबईतल्या बहुतेक घरांत टीव्हीखालच्या खणात यातलं निदान एक काहीतरी पडलेलं असतं. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. यातल्या बऱ्याच वस्तू घरच्या टेबलावर दुरुस्त होतात, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण असावं लागत नाही. हा लेख ज्यांनी आजवर कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीला एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. कॉम्प्युटरच्या जोडवस्तू सगळ्या बाजूंनी एकदम खराब होत नाहीत. जिथं हालचाल होते तिथंच त्या झिजतात: माऊसचं डावं बटण, स्क्रोलचं चाक, वायर जिथून बाहेर पडते ती मान, हेडफोनचा जॅक. आतली चिप सहसा धडधाकट असते. दुसरा शत्रू म्हणजे आपली हवा. पावसाळ्यात मुंबईत आर्द्रता कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, त्यात समुद्राची खारट हवा आणि हाताचा घाम. रबर, फोम, नकली चामडं आणि सेलचे संपर्क यांना ती खाते. म्हणून वस्तू हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: यातलं काय हलतं, आणि काय दमट हवेत उघडं राहतं? बिघाड बहुधा तिथंच सापडतो.

उघडण्याआधी बिलही शोधा. चांगल्या माऊसवर एक ते तीन वर्षांची वॉरंटी असते आणि लोक ती विसरलेले असतात. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका, बदलून घ्या.

हत्यारं आणि ती कुठं मिळतात

२५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न (सोल्डर नावाची धातूची तार वितळवून सांधा जोडणारी, विजेवर तापणारी सळई) पुरतो. सोल्ड्रॉनचा साधा आयर्न बहुतेक दुकानांत असतो आणि शिकायला तो उत्तम. ६०/४० सोल्डर वायर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) घ्या. ती साधारण १८३ ते १९० अंशांना वितळते, त्यामुळे नवख्या हाताला सोपी जाते. सोल्डरिंग पेस्टची छोटी डबी, डिसोल्डरिंग विक (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी), वेगवेगळ्या जाडीच्या हीट श्रिंक स्लीव्हचे (गरम केली की आकसून सांध्यावर घट्ट बसणारी नळी) तुकडे, एक चिमटा, बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि सर्वात स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर. मीटरमध्ये ‘बीप’ची (तार अखंड असली की वाजण्याची) सोय आहे ना, एवढं दुकानातच तपासून घ्या, कारण निम्मं निदान त्या बीपवर होतं. सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. दुकानात त्याला सरळ आयपीए म्हणतात.

हे सगळं एका फेरीत मिळण्याची जागा म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण १९०३ ते १९०७ मध्ये गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव काही तोंडातून जात नाही. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की चालत पाच-सात मिनिटं. मोठ्या काचेच्या दुकानांत तयार माल असतो. सुटे भाग हवे असतील तर आतल्या गल्ल्यांत, चुनाम लेनच्या बाजूला शिरा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. आणि जाताना जुना भाग सोबत न्या. “माऊसचा स्विच द्या” म्हणालात तर समोरचा माणूस तीन प्रकार काउंटरवर टाकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. जुना स्विच हातावर ठेवलात तर तो न बोलता जोडीचा काढून देतो. एखादा स्विच घ्यायला गेलात तर चार घ्या. किंमत किरकोळ असते; महाग पडते ती विरारहून किंवा कल्याणहून पुन्हा मारलेली फेरी.

काम करायला जेवणाचं टेबल चालतं, पण त्यावर फरशीचा एक तुकडा ठेवा. गरम आयर्न कागदावर किंवा सनमायकावर टेकवायचा नाही. सोल्डर करताना पंखा बंद ठेवा (मे महिन्यात हा सगळ्यात अवघड नियम), कारण वाऱ्यानं टोक थंड होतं आणि डाग कच्चा बसतो. खिडकी मात्र उघडी हवी, धूर नाकात घेण्याजोगा नसतो. सोल्डरमध्ये शिसं आहे, म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका.

पहिलं काम: डबल क्लिक करणारा माऊस

सुरुवात यानेच करावी असं माझं मत आहे. काम लहान आहे, वस्तू तशीही बाद धरलेली असते आणि निकाल लगेच कळतो.

बिघाड का होतो ते आधी समजून घ्या. बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो, त्यात तांब्याची पातळ पट्टी ताणून बसवलेली असते. दाबलं की ती टक्कन खाली जाते आणि संपर्क जुळतो. जुळताना ती सूक्ष्म प्रमाणात दोन-तीनदा उसळते. माऊसमधली चिप क्षणभर थांबून त्या उसळ्यांकडे दुर्लक्ष करते. पट्टीचा ताण गेला किंवा संपर्कावर गंज चढला की उसळी लांबते, आणि चिपला ती दुसरी क्लिक वाटते. म्हणजे सगळा माऊस ठणठणीत आहे, फक्त शेंगदाण्याएवढा एक भाग थकला आहे.

१. निदान. विंडोजमध्ये फाइल एका क्लिकने उघडण्याची सेटिंग चुकून चालू झालेली नाही ना, ते बघा. मग माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन मुख्य बटण उजवं करा. उजव्या बटणाने सगळं नीट चालत असेल तर दोष डाव्या स्विचमध्ये आहे.

२. उघडणं. वरून स्क्रू दिसत नाहीत. ते माऊसच्या बुडाला चिकटवलेल्या गुळगुळीत पायांखाली किंवा स्टिकरखाली असतात. वायरलेसमध्ये कधीकधी सेलच्या कप्प्यात. पाय नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू उचला आणि उलटे करून बाजूला ठेवा, म्हणजे गोंदाला धूळ लागत नाही. स्क्रू काढल्यावर झाकण ओढून काढू नका. वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी पातळ पट्टीसारखी केबल बऱ्याच माऊसमध्ये असते आणि झटका दिला की ती फाटते.

३. फोटो. काहीही सोडवण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. स्विचचं बोंड मधोमध नसतं, एका टोकाकडे असतं. तीन पाय सारख्या अंतरावर असल्याने तो उलटाही बसतो, आणि उलटा बसला की बटण बोंडावर येतच नाही.

४. स्विच निवडणं. स्विचवर बारीक अक्षरांत नाव असतं. ओमरॉनचा डीटूएफसी हा सर्वात जास्त दिसणारा. हुआनो आणि कैल्ह यांचेही त्याच मापाचे मिळतात. कंसात १०एम, २०एम, ५०एम असे आकडे असतील तर ते अनुक्रमे १ कोटी, २ कोटी आणि ५ कोटी दाबांची क्षमता सांगतात. लॅमिंग्टन रोडला जायचं नसेल तर फुकटचा उपाय माऊसच्या आतच आहे: उजव्या बटणाखाली बहुधा तोच स्विच असतो आणि तो फारच कमी वापरलेला असतो. दोघांची अदलाबदल करा, बरीच वर्षं निघतील.

५. जुना काढणं. इथं नवखे लोक बोर्डवरचा तांब्याचा पॅड उखडतात. स्विच फेकायचाच असेल तर त्याचं प्लास्टिकचं अंग कटरने तोडून टाका आणि उरलेले तीन पाय एकेक गरम करून चिमट्याने ओढा. अदलाबदल करायची असेल तर तिन्ही पायांवर थोडं नवं सोल्डर चढवा, मग विक ठेवून ते शोषून घ्या. जुन्या, कोरड्या सोल्डरवर नवं चढवणं विचित्र वाटतं, पण त्यानेच ते नीट वितळतं. जोर लावावासा वाटला की थांबा. जोर लागतो याचा अर्थ अजून वितळलेलं नाही.

६. नवा बसवणं. बोर्डला अगदी सपाट टेकेपर्यंत दाबा. आधी मधला पाय सोल्डर करा, स्विच सरळ आहे का बघा, मग बाकीचे दोन. आयर्न पाय आणि पॅड या दोघांना एकदम टेकवा, सोल्डर आयर्नला न लावता त्यांच्या सांध्याला लावा. दोन-तीन सेकंद पुरे. डाग चकचकीत आणि कडेने उतरता दिसला पाहिजे. गोळी दिसली तर पुन्हा गरम करा.

माऊस उघडलाच आहे तर चाकही बघून घ्या. स्क्रोल खाली करताना पान मध्येच वर उडी मारत असेल तर चाकाच्या एका बाजूला असलेल्या चौकोनी एन्कोडरमध्ये (चाक किती आणि कुठल्या दिशेने फिरलं ते ओळखणाऱ्या भागात) मळ गेलाय. त्यात आयपीएचा एक थेंब सोडा, चाक दोन्ही दिशांनी भरपूर फिरवा, वाळू द्या. काही माऊसमध्ये एन्कोडर नसतो, चाकाला भोकं असतात आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाचे डोळे. तिथं केस किंवा लोकरीचा धागा अडकलेला सापडतो. एन्कोडर बदलायची वेळ आली तर त्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजूनच दुकानात जा. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने चाक वर येतं आणि झाकण बसत नाही.

वायरची मान

हेडफोन एका कानात बंद पडला की आधी दुसऱ्या यंत्रात लावून बघा. फोन-लॅपटॉपच्या भोकात खिशातला कापूस आणि धूळ ठासून बसलेली असते. यंत्र बंद करून लाकडी टूथपिकने ती काढा. कितीतरी ‘मेलेले’ हेडफोन एवढ्यावर जिवंत होतात.

तरीही आवाज येत नसेल तर गाणं चालू ठेवून वायर जॅकपाशी हळू वाकवा, मग वाय आकाराच्या फाट्याजवळ, मग कानाच्या कपाशी. जिथं आवाज खरखरतो किंवा क्षणभर परत येतो, तिथं तार तुटली आहे. बहुतेक वेळा ती जागा जॅकची मान असते, कारण लोकलमध्ये फोन खिशात कोंबताना वायर तिथंच मुडपते.

जॅकपासून दोन-तीन सेंटिमीटर वर वायर कापा. स्क्रूने उघडणारा नवा ३.५ मिमीचा जॅक आणा. माईक असलेल्या हेडफोनला चार पट्ट्यांचा, नसलेल्याला तीन पट्ट्यांचा. आता पुढचं वाक्य लक्षात ठेवा: जॅकचं झाकण आणि हीट श्रिंकचा तुकडा वायरमध्ये आधी ओवायचा, मग सोल्डर करायचं. उलटं झालं की सगळं उकलून परत.

आतल्या तारा केसासारख्या बारीक आणि रंगीत दिसतात. तो रंग म्हणजे लाखेचा थर आहे आणि त्यातून वीज जात नाही, त्यामुळे नुसतं पिळून जोडलं तर काहीच वाजत नाही. तारांमध्ये गुंफलेले धागे कात्रीने काढा. मग प्रत्येक तारेचं टोक पेस्टमध्ये बुडवा आणि आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात धरा. लाख जळून धूर निघतो आणि टोक चंदेरी होतं. रंगांची रूढ पद्धत अशी: लाल उजवा कान, हिरवी किंवा निळी डावा कान, तांबूस जमीन म्हणजे ग्राउंड. पण पद्धत सगळे पाळतातच असं नाही, म्हणून मल्टिमीटर बीपवर ठेवून कापलेल्या तुकड्यातली कोणती तार जुन्या जॅकच्या कोणत्या पट्टीला जाते ते तपासा. तुटकी तार बीप देणार नाही, बाकीच्यांवरून ती कोणती ते ओळखता येतं. आजच्या फोन-लॅपटॉपच्या चार पट्ट्यांच्या जॅकवर क्रम टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड, माईक असा असतो. जुन्या काही फोनच्या जोडण्यांत शेवटचे दोन उलटे असायचे. माईक अजिबात चालत नसेल तर हा गोंधळ तपासा.

माऊसची किंवा कीबोर्डची वायरही अशीच मानेजवळ तुटते. तिथं चार तारा असतात: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी माहितीच्या. खराब तुकडा कापून टाका, बोर्डाकडच्या छोट्या कनेक्टरची दोन-तीन सेंटिमीटर शेपटी शिल्लक ठेवा आणि रंगाला रंग जोडा. चारही सांधे एकाच जागी आणू नका, पुढे-मागे ठेवा. नाहीतर गाठ जाड होते आणि झाकणाच्या भोकात शिरत नाही.

पावसाळ्याने खाल्लेल्या गोष्टी

हेडफोनच्या कुशनचे काळे पापुद्रे मानेला, कॉलरला, उशीला चिकटतात, ही मुंबईची नेहमीची तक्रार. ते चामडं नसतं, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू तुटत जातो. कुठल्याही गोंदाने ते परत येत नाही, कुशनच बदला. जुन्याचा बाहेरचा व्यास, लंबगोल असेल तर लांबी-रुंदी, मिलिमीटरमध्ये मोजा. शक्यतो मखमली किंवा सुती आवरणाचं घ्या. ते घामाने ओलं होतं, पण सोलत नाही. बसवताना कडेची पातळ झालर कपाच्या खाचेत खालून सुरू करून दोन्ही बाजूंनी ताणत वर न्या. फोमची जाडी मूळ कुशनएवढीच ठेवा, बदलली तर आवाजाचा पोत बदलतो.

माऊस किंवा डोंगलवरचं मऊ रबर चिकट झालं असेल तर सुती कापडावर आयपीए घेऊन चोळा. थर गोळा होऊन निघतो आणि खाली साधं प्लास्टिक राहतं. त्यावरची छापील अक्षरंही जातील, त्याला इलाज नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नका. त्यातलं ॲसिटोन प्लास्टिकच विरघळवतं.

वायरलेस माऊसमध्ये सेल फुटून पांढरा थर जमला असेल तर आधी सेलवर काय लिहिलंय ते वाचा. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी असते, ती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या काडी-कापसाने निघते. साध्या स्वस्त झिंक सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथं खाण्याच्या सोड्याचं पाणी. हातमोजे घाला, मग आयपीएने पुसा आणि पत्र्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा. जूनमध्ये गावी जाताना सेल काढून ठेवलेत तर हे करावंच लागणार नाही.

कीबोर्डवर चहा

नुसतं पाणी सांडलं तर वाळून जातं, पण आपला चहा म्हणजे दूध आणि साखर. तो चिकटतो आणि मुंग्याही बोलावतो. सांडल्याक्षणी वायर काढा, कीबोर्ड पालथा घाला, चालू करून बघण्याचा मोह आवरा.

साधा, मऊ दाबाचा कीबोर्ड उघडणं सोपं आहे. कळांचा फोटो काढा, मग पाठचे स्क्रू काढा. एखादा स्टिकरखाली लपलेला असतोच. आत रबरी बोंडांचा थर आणि त्याखाली पारदर्शक प्लास्टिकचे तीन पापुद्रे दिसतील, ज्यांवर चंदेरी रेघा छापलेल्या आहेत. या रेघांना अल्कोहोल लावू नका. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा आणि पंख्याखाली वाळवा. जुलै असेल तर पूर्ण दोन दिवस द्या. ड्रायर नको, उन्हातही नको. कळांच्या टोप्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. स्पेस, एंटर आणि शिफ्टखाली तारेचा एक आकडा असतो, त्या टोप्या सरळ ओढू नका, आकडा आधी सोडवा.

एकच कळ चालत नसेल तर तिच्या बोंडाखाली मळ आहे. एका ओळीतल्या किंवा एका साखळीतल्या बऱ्याच कळा एकदम गेल्या असतील तर एखादी रेघ तुटली आहे, किंवा पापुद्र्यांचं टोक जिथं छोट्या बोर्डाखाली दाबून धरलेलं असतं तिथली पट्टी ढिली झाली आहे. तो स्क्रू आवळून बघा. तुटलेली रेघ चांदीयुक्त वाहक रंगाने जोडता येते, पण दोन-तीनशेच्या कीबोर्डसाठी मी हा खटाटोप करणार नाही. मेकॅनिकल कीबोर्डचं गणित वेगळं. तिथं प्रत्येक कळीचा स्विच स्वतंत्र असतो, हॉट-स्वॅप प्रकार असेल तर चिमट्याने उपटून नवा दाबायचा, सोल्डरसुद्धा नको. अक्षरं पुसली गेली असतील तर स्टिकर मिळतात, देवनागरीच्या इनस्क्रिप्ट मांडणीचेही.

चार्जर: कुठं थांबायचं

लॅपटॉप चार्जरची ठोकळ्यापासून लॅपटॉपकडे जाणारी वायर घरी जोडता येते, पण माऊसवर हात बसल्यानंतरच. प्लग भिंतीतून काढा, तुटका भाग कापा. आतली तार बहुधा धन आणि भोवतालची जाळी ऋण असते. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये ओळख पटवणारी तिसरी बारीक तारही असते, ती सुटली तर लॅपटॉप चार्ज होणं नाकारतो. जोडल्यावर लॅपटॉपला लावण्याआधी पिनवर मीटर धरा: आकडा ठोकळ्यावर छापलेल्या व्होल्टेजशी जुळला पाहिजे आणि पुढे उणे चिन्ह नको. या वायरीतून तीन-चार अँपिअर जातात, म्हणून सांधा भक्कम हवा. अर्ध्या तासाने हात लावून बघा. सांधा गरम लागला तर तो कच्चा आहे, परत करा. यूएसबी-सी केबल तुटली तर सरळ नवी घ्या, तिच्यातल्या तारा आणि कधीकधी टोकातली चिप घरगुती कामाच्या आवाक्यातली नाही.

ठोकळा स्वतः उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टचं आत जवळपास ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतं. प्लगवर चालणाऱ्या स्पीकरचंही तेच. आवाजाचं बटण खरखरत असेल तर बाहेरूनच ते दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवून बघा, बऱ्याचदा खरखर जाते. नाही गेली तर ते काम दुकानदाराचं.

फुगलेली लिथियम बॅटरी दिसली, मग ती वायरलेस कीबोर्डमधली असो की ब्लूटूथ हेडफोनमधली, तर वस्तू चार्जिंगवरून काढा. दाबायची नाही, टोचायची नाही, बंद डब्यात इतर गोष्टींसोबत ठेवायची नाही. कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. ती सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याच्या गोणीत गेली तर कचऱ्याच्या गाडीत आग लागू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी वस्तू कुठं द्यायची याची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर बघा किंवा ग्राहक सेवेला फोन करून मागा.

बाकी माऊस, कीबोर्ड देण्याआधी त्यातले स्क्रू, चांगले स्विच, एन्कोडर आणि धड वायर काढून जुन्या डबीत ठेवा. डबीवर तारीख नको, कुठल्या मॉडेलमधून काढलं ते लिहा.